पाण्यावरची साय आणि युरियाची अर्धी गोणी

आवणी संपून आठ-पंधरा दिवस झाले की भाताच्या खाचरात पाण्यावर एक थर धरू लागतो. पावसाने उसंत घेतली, दोन दिवस ऊन पडले की तो भराभर पसरतो. हाताला बुळबुळीत लागतो, बोटांत धरू पाहावा तर निसटतो. डहाणू, तलासरीकडे त्याला शेवाळ म्हणून लोक मोकळे होतात. कुणी तो काठीने ओढून बांधावर फेकतो, कुणी त्याच्याकडे बघतही नाही.

या भागातल्या पुष्कळ कुटुंबांकडे एखाद-दुसरा एकर जमीन आहे. घरातला कर्ता माणूस उंबरगाव, वापी नाहीतर सिल्वासाच्या कारखान्यात जातो आणि शेती बाईमाणसांच्या अंगावर पडते. भात एकदाच होतो, तोही पावसाच्या भरवशावर. खताची गोणी मात्र रोख पैशाने आणावी लागते आणि ते पैसे कारखान्याच्या पगारातून किंवा वाडीवरच्या रोजातून येतात. म्हणून पाण्यावरच्या या थरात काय आहे हे समजून घेणे हा नुसता शाळेतल्या विज्ञानाच्या तासाचा विषय नाही. तो घरखर्चाचाही विषय आहे.

शास्त्रज्ञ अशा थराला ‘बायोफिल्म’ म्हणतात. फिल्म म्हणजे पातळ पापुद्रा, दुधावरच्या सायीसारखा. फरक इतकाच की हा पापुद्रा जिवंत असतो. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू पाण्यात सुटेसुटे पोहत असतात असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्यांतले बहुसंख्य कशाला तरी चिकटून राहतात. दगड, मूळ, लाकूड, मडक्याचा आतला भाग, आपला दात, काहीही चालते. एकदा चिकटले की ते अंगातून डिंकासारखा चिकट पदार्थ सोडतात आणि त्यातच वाढतात. त्या डिंकात पाणी टिकते, अन्न अडकते, आणि एका जातीने टाकलेले दुसरी जात खाते. सुटा जिवाणू उन्हाने सुकून मरेल, थरातला तगून राहील. चाळीत राहणाऱ्या माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको.

ही वस्ती प्रथम पाहिली ती कुणा मोठ्या पंडिताने नव्हे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक याला भिंगे घासून तयार करण्याचा नाद होता. १६८३ साली त्याने आपल्याच दातांवरचा पांढरा मळ खरवडून भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. पुढे त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली. सिरक्याने दात धुतले तर मळाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मरतात, आतले जिवंत राहतात. थराचे सारे बळ त्या एका नोंदीत आले आहे. पण तिच्याकडे नीट लक्ष जायला जवळजवळ तीनशे वर्षे लागली. कॅनडातले कॉस्टर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली ‘जिवाणू चिकटतात कसे’ या विषयावर लेख लिहिला, तेव्हापासून या अभ्यासाला वेग आला.

डॉक्टर मंडळी या थराला शत्रू मानतात आणि त्यांचे बरोबरच आहे. दातांवरचा थर दात किडवतो, शस्त्रक्रियेत बसवलेल्या नळीवरचा थर औषधाला दाद देत नाही. शेतात मात्र त्याच चिवटपणाचा फायदा होतो.

खाचरातला फुकटचा नत्र

हवेत शेकडा ७८ भाग नत्र आहे. भाताला नत्र हवा असतो, पण हवेतला नत्र त्याला घेता येत नाही. युरियाचा कारखाना तोच नत्र भट्टी आणि नैसर्गिक वायू वापरून पकडतो. खाचरातले निळे-हिरवे शेवाळ तेच काम उन्हावर करते. नाव शेवाळ असले तरी हे खरे तर जिवाणूच आहेत. मण्यांच्या माळेसारख्या त्यांच्या पेशी असतात. त्या माळेत मधूनमधून एखादी पेशी जाड कवचाची असते. तिच्यात प्राणवायू सहसा शिरत नाही आणि तिथेच नत्र पकडला जातो. शेजारच्या पेशी उन्हावर साखर तयार करून तिला पुरवतात. हे जीव मरून कुजले की नत्र चिखलात उतरतो आणि भाताच्या मुळांना मिळतो.

शेकडो वर्षे खत न घालताही भाताची तीच ती खाचरे थोडेफार का होईना पिकत कशी राहिली, हे कोडे होते. पी. के. डे या आपल्याकडच्या शास्त्रज्ञाने १९३९ साली बंगालच्या भातजमिनीतून उत्तर दिले की हे काम निळ्या-हिरव्या शेवाळाचे आहे. पुढे बनारसला आर. एन. सिंग यांनी आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी ते मुद्दाम वाढवून शेतात टाकण्याची पद्धत बसवली. शेतकऱ्याने अंगणात वाढवावे इतकी ती सोपी आहे.

आता हिशेब. शेवाळ चांगले धरले तर एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र मिळतो असे सर्वसाधारण मानतात. म्हणजे एकरी ८ ते १२ किलो. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असतो, म्हणून ४५ किलोच्या गोणीत साधारण पावणेएकवीस किलो. तेव्हा एकरामागे जवळजवळ अर्धी गोणी वाचते. पूर्ण गोणी वाचेल असे कुणी सांगत असेल तर तो काहीतरी विकायला आलेला आहे असे समजावे.

सगळेच शेवाळ या कामाचे नसते. केसांसारखे लांब, पोपटी हिरव्या धाग्यांचे जे शेवाळ रोपांच्या बुडाशी गुंततं ते नत्र देत नाही, उलट कोवळ्या रोपाला दाबते. ते काढून टाकणारा शेतकरी चुकत नाही. कामाचे शेवाळ काळपट निळे-हिरवे, कधी तपकिरी, आणि लोण्यासारखे बुळबुळीत असते. पहिल्या पावसानंतर कातळावर किंवा उघड्या जमिनीवर गडद हिरव्या जेलीचे तुकडे पडलेले दिसतात, ते याच कुळातले. उन्हाळाभर ते वाळून काळ्या पापडीसारखे पडून होते. पाऊस लागताच फुगले.

आपल्याकडे याला मोठी अडचण पावसाचीच आहे. बंगालचे सपाट खाचर निराळे आणि तलासरीच्या उतारावरचे पायऱ्यापायऱ्यांचे खाचर निराळे. जुलैच्या झडीत पाणी एका बांधावरून दुसऱ्यावर उड्या मारते आणि थर वाहून नेते. शिवाय ढगाळ दिवसांत ऊन नसले की त्याची वाढ मंदावते. म्हणून आवणीनंतर साधारण आठवड्याने, मोठ्या सरी ओसरल्या आहेत असे पाहून, पाण्याची वाट बंद करून सुके शेवाळ एकरी ४ किलोच्या बेताने विखरावे आणि पुढे काही दिवस पाणी हलू देऊ नये. खाचर सुकले तर काम थांबते. जमीन फार आम्ल असेल तरीही ते नीट धरत नाही. स्फुरद मिळाला तर ते जोमाने वाढते, म्हणून सुपर फॉस्फेटचा हात आखडू नये.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. युरिया पाण्यावर फेकला की तो पाण्यात विरघळतो. आयता नत्र समोर असताना हे जीव हवेतला पकडण्याचे कष्ट घेत नाहीत. म्हणजे वरून फेकलेला युरिया थोडा वाहून जातो, थोडा हवेत उडून जातो आणि वर शेवाळालाही आळशी करतो. कोकणात डॉ. एन. के. सावंत यांनी रुजवलेल्या चारसूत्री भातशेतीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये चिखलात खोल खोचतात. खत मुळाशी राहते आणि वरचे पाणी नत्रावाचून राहते. त्यामुळे वरच्या थराचे काम चालू राहते. गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणे हेही त्याच चारांतले एक सूत्र. खोचण्याला मजुरी जास्त लागते ही तक्रार खरी आहे. पण घरच्या माणसांनी एक-दीड एकर करायचे असेल तर जमण्यासारखे आहे.

वालाच्या मुळावरच्या गाठी

भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल किंवा हरभरा टाकण्याची कोकणात जुनी रीत आहे. वरकसावर नागली-वरईच्या जोडीला उडीद, तूर असते. या कडधान्यांच्या मुळांवर जिवाणूंचे दुसरे कुळ वस्ती करते, त्याचे नाव रायझोबियम. आधी ते मुळाच्या केसांना चिकटून थर धरतात, मग आत शिरतात आणि झाड त्यांच्यासाठी गाठ बांधून देते. जर्मनीतल्या हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ साली या गाठींचे काम दाखवून दिले आणि हॉलंडच्या बायरिंक यांनी १८८८ साली त्यातला जिवाणू वेगळा केला.

हे घरच्या घरी तपासता येते. वाल फुलावर येण्याच्या सुमारास एक रोप खणून काढा. उपटू नका, उपटले की गाठी मातीतच तुटून राहतात. मूळ पाण्यात हलकेच धुवा आणि एक गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-तांबडी दिसली तर ती कामावर आहे. आपल्या रक्तात जे तांबडे द्रव्य असते त्याच जातीचे ते असते. आत पांढरी किंवा हिरवट निघाली तर तिचे काम सुरू झालेले नाही किंवा संपले आहे. गाठ बोटाने सहज सुटत नसेल आणि मूळच फुगलेले वाटत असेल तर ती सूत्रकृमीची गाठ, म्हणजे रोग. मुलांना सुट्टीच्या दिवशी हे दाखवावे. पुस्तकातल्या चित्रापेक्षा ते जास्त लक्षात राहते.

गाठी कमी असतील तर बियाण्याला जिवाणू खत चोळून पेरतात. २५० ग्रॅमचे पाकीट १० किलो बियाण्याला पुरते. गूळ पाण्यात उकळून थंड करायचा, त्यात पाकिटातली पूड कालवून बियाण्यावर हलक्या हाताने चोळायची, सावलीत सुकवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे. गुळाचे काम चिकटवण्याचे, पुढचा डिंक जिवाणू स्वतः करतात. बियाण्याला बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. हरभऱ्याचे पाकीट वालाला चालत नाही, कारण दोघांचे जिवाणू वेगळे. पाकिटावर पिकाचे नाव असते ते वाचून घ्यावे.

इथेच फसवणूकही होते. गावोगाव गाडी घेऊन येणारे विक्रेते रंगीत बाटल्या दाखवतात आणि दुप्पट पिकाची हमी देतात. जिवाणू खते २००६ सालापासून सरकारच्या खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. रायझोबियमच्या पुडीत एका ग्रॅमला निदान ५ कोटी जिवंत पेशी असल्या पाहिजेत असा नियम आहे. पाकिटावर पिकाचे नाव, जिवाणूचे नाव, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख नसेल तर ते घेऊ नये. दुकानाबाहेर उन्हात ठेवलेले खोके तर घेऊच नये. आत मेलेले जिवाणू असतील तर विकत घेतली ती नुसती माती. डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर १९७६ पासून कृषी विज्ञान केंद्र आहे. शंका असेल तर पैसे मोजण्याआधी तिथे किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारावे.

अलीकडे सुटे जिवाणू देण्याऐवजी बायोफिल्मच तयार करून देण्याचे प्रयत्न चालू आहेत. दिल्लीच्या संस्थेत डॉ. राधा प्रसन्ना यांनी निळ्या-हिरव्या शेवाळाच्या थरात दुसरे उपयोगी जिवाणू वाढवण्याचे काम केले. श्रीलंकेत कँडी येथे गामिनी सेनेविरत्ने यांनी बुरशीच्या धाग्यांवर जिवाणूंचा थर धरवून भातासाठी आणि चहासाठी खत तयार केले. संशोधन चांगले आहे. पण श्रीलंकेचेच दुसरे उदाहरणही पाहावे. २०२१ साली तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचे पीक घसरले, तांदूळ बाहेरून आणावा लागला, शेतकरी रस्त्यावर आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारला मागे यावे लागले. ज्याच्या घरी वर्षाचे तांदूळ एकाच पिकातून येतात त्याने असले धाडस करू नये. पहिल्या वर्षी एका खाचरात करावे, शेजारचे खाचर नेहमीसारखे ठेवावे, आणि कापणीला दोन्हींचे भात वेगवेगळे मोजावे.

मडक्याच्या आतला थर

आता शेतातून घरात येऊ. डहाणू-तलासरीला ताडाची झाडे पुष्कळ. ताडी पिण्याविषयी या पानावर वेगळे सांगायला नको. पण ताडाचा रस ताडी होतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. झाडावरून उतरणारा ताजा रस नुसता गोड असतो. मडक्याच्या किंवा भोपळ्याच्या आतल्या बाजूला आदल्या दिवसाचा थर चिकटलेला असतो. त्यातले यीस्ट आणि जिवाणू रसात मिसळतात आणि रस झाडावर असतानाच फसफसू लागतो. नीरा काढणारे लोक म्हणूनच मडके स्वच्छ धुऊन आतून चुना लावतात. चुन्यात थर जगत नाही, रस गोड राहतो. झाड तेच, रसही तोच, फरक फक्त मडक्याच्या आतल्या थराचा.

ताडी आणखी काही दिवस उघडी राहिली की आंबट होते आणि वर एक जाडसर, रबरासारखी साय धरते. ती सिरक्याची साय. तिच्यातले जिवाणू दारूचे आम्ल करतात आणि हवेजवळ तरंगत राहण्यासाठी कापसाच्याच जातीचे तंतू विणतात. फिलिपाईन्समध्ये नारळाच्या पाण्यावर मुद्दाम अशी साय धरवतात, तिचे चौकोनी तुकडे पाकात घालून खातात आणि परदेशी पाठवतात. युरोपात १८२० च्या सुमारास सिरका झटपट करण्याची युक्ती निघाली. उंच पिंपात लाकडाचे तासकाम भरायचे, त्यावर जिवाणूंचा थर धरू द्यायचा आणि वरून दारू ठिबकत सोडायची. खाली येईपर्यंत तिचा सिरका होतो. इटलीतल्या सिसिली बेटावर रागुसानो नावाचे चीज करतात. त्याचे दूध लाकडी पिंपात ओततात, विरजण लावत नाहीत. पिंपाच्या लाकडावरचा थरच विरजणाचे काम करतो. ते पिंप कुणी साबणाने घासले तर त्या घरचे चीज बिघडेल.

पण भगिनींनो, यावरून पाण्याचा माठ घासायचे सोडू नका. माठात, पिंपात, नळाच्या तोंडाशी जो बुळबुळीतपणा येतो तोही बायोफिल्मच, आणि त्यात जुलाबाचे जंतू दडून राहू शकतात. नुसते पाणी ओतून तो जात नाही, लेव्हेनहूकच्या दातांवरच्या मळासारखा आतून जिवंत राहतो. आधी काथ्याने किंवा ब्रशने घासून काढावा, मगच औषधाच्या पाण्याने धुवावा. दुधाच्या किटलीचे झाकण आणि कडा यांनाही हाच नियम. सिरक्याची साय वेगळी, कारण तिच्या आंबटपणात जुलाबाचे जंतू सहसा टिकत नाहीत.

ज्यांच्याकडे शेततळे आहे त्यांच्यासाठी आणखी एक उपयोग. तळ्यात बांबूच्या काठ्या उभ्या रोवल्या की महिन्याभरात त्यांवर थर चढतो. रोहू मासा हा थर गुराने गवत खावे तसा खरवडून खातो. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयात उसाचे चिपाड आणि भाताचा पेंढा तळ्यात ठेवून प्रयोग झाले. नुसत्या तळ्यापेक्षा अशा तळ्यातले मासे चांगले वाढले. पेंढा आपल्याकडे असतोच. मात्र तो बेताने टाकावा. फार झाला तर कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून तडफडू लागतात.

शेवटी, शेवाळ अंगणात वाढवायचे कसे ते सांगतो. २ मीटर लांब, १ मीटर रुंद, वीतभर खोल खड्डा करून त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. ८ ते १० किलो चाळलेली माती आणि २०० ग्रॅम सुपर फॉस्फेट घालून चार बोटे पाणी भरावे. माती खाली बसली की मूठभर मूळ शेवाळ वर विखरावे. ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा कोसबाडला विचारून मिळवावे लागेल. डास होऊ नयेत म्हणून वर मच्छरदाणीचा तुकडा ताणावा. दहा-पंधरा दिवसांत जाड थर धरतो. मग पाणी घालणे थांबवायचे, सगळे वाळू द्यायचे आणि सुटलेले पापुद्रे गोळा करायचे. एका खेपेला साधारण दीड-दोन किलो मिळतात आणि तीच माती पुन्हा दोन-तीनदा वापरता येते.

पुस्तकांत हे काम एप्रिल-मे महिन्यांत करायला सांगितलेले असते, कारण तेव्हा ऊन कडक. तलासरीच्या पाड्यांवर त्या महिन्यांत बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणतात, ते पाणी खड्ड्यात ओता असे कोणत्या तोंडाने सांगावे? त्यापेक्षा भात कापून झाल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात खड्डा भरावा. तेव्हा विहिरींना पाणी असते आणि ऊनही चांगले पडते. वाळलेले पापुद्रे कोरड्या जागी पिशवीत बांधून ठेवले तर पुढच्या जुलैपर्यंत सहज टिकतात. पिशवीवर महिना लिहून ठेवावा आणि ती युरियाच्या गोणीजवळ किंवा कीटकनाशकाच्या डब्याजवळ ठेवू नये.